सातबाऱ्याबाहेरची माणसे

29 ऑगस्ट 2023 ला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले. 1 सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि गावाचे नाव घरोघरी पोचले. जून 2024 मध्ये जवळच्याच वडीगोद्रीत लक्ष्मण हाके ओबीसींच्या हक्कासाठी उपोषणाला बसले. दोन्ही मांडवांतली काळजी खरी होती. कोरडवाहू तुकडा, कापसाला भाव नाही, पोराची फी थकलेली; हे दुःख जात विचारून येत नाही. मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेट, कुणबी नोंदी, 2 सप्टेंबर 2025 चा शासन निर्णय, सगळ्यांचा कीस पाडून झाला. या गदारोळात एक तिसरे घर मात्र कुणाच्या हिशेबात आले नाही.

ते घर गायरान कसणाऱ्यांचे. मराठवाड्यात गावोगावी दलित, पारधी कुटुंबांनी पडीक गायरानातले दगडगोटे वेचून रान केले, दोन-दोन पिढ्या पेरले. सातबाऱ्यावर मात्र मालक सरकार. म्हणून पीककर्ज नाही. अतिवृष्टीचा पंचनामा शेजाऱ्याच्या बांधापर्यंत येतो आणि तिथून मागे फिरतो. मग ऊसतोडीच्या मुकादमाची उचल घ्यायची, दिवाळीनंतर कोयता उचलायचा, पोरे फडावर न्यायची. शाळाच सुटली, तर राखीव जागेचा त्या पोरांना काय उपयोग? यात कुणी कुणाला शिवी दिलेली नसते. तलाठी नियमाने वागतो, बँकेचा साहेबही नियमानेच वागतो. आजची विषमता द्वेषावाचूनही चालते, ती अशी.

हे फक्त आपल्याकडचेच नाही. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. मुक्त झालेल्या त्या गुलामांना देऊ केलेली चाळीस-चाळीस एकर जमीन तिथल्या सरकारने 1865 मध्येच काढून घेतली होती. बेड्या तुटल्या, राबणे जुन्याच मालकाच्या शेतात राहिले. जमिनीवाचून सुटका अपुरी राहते, हे आपल्याकडे रिपब्लिकन नेते दादासाहेब गायकवाडांनी ओळखले होते. 1959 आणि 1964 चे भूमिहीनांचे सत्याग्रह जमिनीसाठीच होते.

आपण जातीची नावे मात्र झटपट पुसतो. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचा निर्णय 2020 मध्ये झाला. बीडच्या पोलिसांनी छातीवरच्या पाटीवरून आडनाव काढले. दोन्ही गोष्टी चांगल्याच, मी त्यांचे मनापासून स्वागत करतो. पण वस्तीची पाटी बदलली म्हणून तिथल्या माणसाच्या नावावर गुंठाभर रान चढत नाही.

14 एप्रिल 1990 पूर्वीची भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करायचे सरकारने 1991 मध्येच ठरवले. तरी कितीतरी दावे पुराव्याअभावी, नाहीतर गावाच्या विरोधामुळे अडले. येत्या ग्रामसभेत हा विषय निघाला, तर गायरान कसणाऱ्याच्या बाजूने हात वर करा. आणि कुणीच काढला नाही, तर तुम्ही काढा.