मुलास आवरण्याचा अधिकार

मुलास मारू नये हे तत्त्व आता बहुतेक सुशिक्षित घरांत, निदान बोलण्यापुरते तरी, मान्य झाले आहे. परंतु मुलास आवरावे की नाही, आवरावयाचे तर कसे व किती वेळ, या प्रश्नाचा विचार त्या मानाने फारच थोडा झाला आहे. एखादे मूल भिंतीवर डोके आपटू लागते, दगड घेऊन दुसऱ्याच्या अंगावर धावते, किंवा भर पावसाळ्यात रोह्याच्या कुंडलिकेकडे धूम ठोकते. अशा वेळी हाताची घडी घालून उभा राहणारा मनुष्य अहिंसक नव्हे, बेफिकीर म्हणावा लागेल. मुलास धरलेच पाहिजे. अडचण एवढीच की, धरणारा हात आणि दंडणारा हात एकाच खांद्यास जोडलेले असतात. आणि पहिल्याचे काम संपून दुसऱ्याचे केव्हा सुरू झाले, हे कित्येकदा त्या खांद्याच्या धन्यासही कळत नाही.

पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भाव्यांचे जन्मगाव. त्यांचा जन्म १८९५ चा. वडील नरहरराव बडोद्यास नोकरीस होते. लहानपणी वडिलांच्या हातचा मार आपण पुष्कळ खाल्ला, परंतु हाडास इजा होऊ नये अशी काळजी घेऊन ते मारीत, अशी आठवण विनोबांनी सांगितली आहे. पुढे एके दिवशी मार मिळालाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग उलगडा झाला, की आपणास सोळावे वर्ष लागले आहे, आणि सोळाव्या वर्षापासून पुत्रास मित्राप्रमाणे वागवावे या जुन्या वचनाचे वडिलांनी अक्षरशः पालन केले आहे. विनोबांनी ही गोष्ट कडवटपणे सांगितलेली नाही, आणि आपणही ती हसतच ऐकतो. मला मात्र त्यातील ती काळजीच खटकते. वडिलांच्या मनात दुष्टपणा नव्हता, नियमनिष्ठा होती. पण कृत्य बेताने व नियमाने केले म्हणजे ते निर्दोष झाले, असे थोडेच आहे? जे आदल्या दिवशी योग्य होते ते दुसऱ्या दिवशी अयोग्य कशाने झाले? बदलले ते पंचांग, मूल नव्हे.

हीच समजूत घरातून संस्थेत गेली म्हणजे काय होते, याचे उदाहरण इंग्लंडातले आहे. २००४ च्या एप्रिलात रेन्सब्रुक येथील मुलांच्या बंदिस्त केंद्रात १५ वर्षांच्या एका मुलास तिघा कर्मचाऱ्यांनी बसल्या स्थितीत धरून ठेवले. मुलाचे वजन सुमारे ४१ किलो. तंट्याचे मूळ काय, तर पाव भाजण्याचे यंत्र पुसावयाचे राहिले! आपणास श्वास घेता येत नाही असे तो सांगत होता. ओरडता येते त्या अर्थी श्वासही घेता येत असला पाहिजे, असे उत्तर त्यास मिळाले. मुलगा मेला. धरण्याची ती रीत सरकारमान्य होती, कर्मचाऱ्यांस शिकविलेली होती. पुढे ती बंद करण्यात आली. यातले वैद्यक अगदी साधे आहे. बसलेल्या मुलास पुढे वाकवून दाबले, किंवा पालथे पाडून पाठीवर भार दिला, म्हणजे छातीस फुगावयास जागा राहत नाही. श्वासासाठी चाललेली धडपड धरणाऱ्यास प्रतिकार वाटते, म्हणून तो अधिकच आवळतो. मग धडपड थांबते, आणि मूल शांत झाले असे सर्वांस वाटते.

आपल्या कायद्याने शिक्षेविषयी संदिग्धता ठेविलेली नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ८२ व्या कलमान्वये बालगृहातील कर्मचाऱ्याने शिस्त लावण्याच्या हेतूने मुलास शारीरिक शिक्षा केल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड होतो. पुढच्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. कलम चांगले आहे. परंतु ते हेतूवर उभे आहे, आणि हेतू बदलून सांगण्याइतके सोपे काही नाही. 'मारले नाही हो, आवरले,' एवढे म्हटले की पुरे! याहून सूक्ष्म विचार मला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ९७ व्या कलमात आढळतो. ते मनोरुग्णांच्या संस्थांसाठी आहे, तरी बालगृहाच्या दारावर लावण्याजोगे आहे. एकट्यास कोंडून ठेवणे सर्वथा वर्ज्य. जखडणे ते समोर ठाकलेला अपाय टाळण्याचा तेवढाच मार्ग उरला असेल तर, तेही अवश्य तितकाच वेळ. शिक्षा किंवा धाक म्हणून कधीही नाही. आणि माणसे अपुरी आहेत एवढ्याच कारणास्तव कोणासही जखडता येणार नाही. हे शेवटचे वाक्य लिहिणाऱ्यास संस्थांचे अंतरंग चांगले ठाऊक असले पाहिजे.

कारण खरी गोम तेथेच आहे. पेणला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. जिल्ह्यातील आश्रमशाळांत कातकरी व ठाकर मुले राहतात. आईबाप वीटभट्टीवर गेलेले एखादे सात वर्षांचे पोर रात्री वाडीकडे पळू पाहते, यात अनावरपणा तो कसला? त्यास दाराशी अडविले पाहिजे, कबूल. अंधारात डोंगर चढू देणे ही दया नव्हे. पण अडविल्यावर त्याच्याजवळ बसावयाचे कोणी? पन्नास मुलांमागे एकच माणूस असेल तर तो कडी लावणार. कडी लावणाऱ्यास क्रूर म्हणून आपण मोकळे होतो. दुसरा माणूस नेमण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हे मात्र विचारीत नाही.

व्यवहारी लोक म्हणतील, की असल्या नियमांनी कर्मचारी मुलास हात लावण्यासच भितील आणि एखादे मूल हकनाक जीव गमावील. आक्षेप पोकळ नाही. म्हणूनच धरण्याआधीच्या गोष्टी शिकविल्या पाहिजेत: आवाज खाली आणणे, भोवतीची मुले दूर नेणे, त्याच्या ओळखीचे माणूस पुढे करणे. धरावेच लागले तर एकाने केवळ मुलाचा चेहरा व श्वास पाहत राहावे, आणि धोका सरताच हात सुटावा. नंतर झाल्या प्रकाराची नोंद व्हावी, व तीत मुलाचे म्हणणे लिहिण्यास एक रकाना असावा. सात वर्षांच्या पोरास लिहिता येत नसेल तर विचारून त्याच्याच बोलीत लिहावे. ती बोली कातकरी असेल तर ती जाणणारे माणूस त्या रात्री हजर असावे लागेल. आणि तेथे पुन्हा नेमणुकीचा व पगाराचा प्रश्न आला.