झोल

दोन मिनिटं जिन्यात बसा. दुपारची तीन-साडेतीनची वेळ बरी. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्सचा जिना तेव्हा रिकामा असतो. ऑफिसात गेलेली माणसं परतलेली नसतात आणि शाळेतून आलेली मुलं जेवून लवंडलेली असतात. पायरीवर रुमाल टाकून बसलात तर कोणी विचारायला येणार नाही. तळमजल्यावरचं कुत्रं फार तर एकदा मान वर करील.

समोर विजेच्या मीटरांशेजारी एक पांढरट डबा आहे. प्लास्टिकचा, साधारण जाड पोथीएवढा. कागदोपत्री त्याला फायबर डिस्ट्रिब्यूशन बॉक्स म्हणतात, कामाला येणारी मुलं नुसतं ‘डब्बा’ म्हणतात. आपणही डबाच म्हणू.

तो इतक्यात उघडायचा नाही. आधी त्याच्या खाली बघा. केबल आत शिरते ती खालच्या बाजूनं, आणि शिरण्याआधी डब्याच्याही खाली उतरून, वळून, पुन्हा वर चढते. वाळत घातलेल्या ओल्या धोतराला मध्ये पोट येतं, तसं. जिन्याच्या जाळीतून पावसाची झड आत आली की पाणी केबलवरून घरंगळत इथवर येतं आणि त्या पोटाशी थेंब होऊन खाली पडतं. डब्यात जात नाही. आत्ता पाऊस नसला तरी तो थेंब डोळ्यांसमोर आणा. जमतो, लोंबतो, सुटतो. पुढचा जमेपर्यंत वाट बघा. घाई नाही.

या पोटाला आपल्याकडे झोल म्हणतात. दिल्लीत काय किंवा मुंबईत काय, झोल म्हटलं की लोकांना लफडंच आठवतं. माझ्या आईच्या तोंडी मात्र तो वाळवणाच्या दोरीचा असायचा, नाहीतर जुन्या खाटेचा. मला तिचाच अर्थ जवळचा वाटतो.

दोन वर्षांपूर्वी आमचं नेट अधूनमधून जायचं. आईशी व्हिडिओवर बोलताना तिचा चेहरा मधेच थिजायचा, तोंड अर्धवट उघडं, आणि इकडे नेटच्या पेटीवर लाल दिवा लुकलुकायचा. चार वेळा तक्रार झाल्यावर एक पोरगेलासा मुलगा आला. त्यानं घरातल्या कशालाच हात लावला नाही. केबलला प्रकाश मोजायचा मीटर जोडून आकडा पाहिला, उणे २९. मग केबलवर बोट फिरवत फिरवत जिना उतरला. पहिल्या वळणावर कोणीतरी केबल खिळ्याला प्लास्टिकच्या टायनं करकचून बांधली होती. त्यानं टाय कापला. आकडा उणे २० वर आला. केबलमधला तंतू तुटलेला नव्हताच, नुसता आवळला गेला होता. नऊ डेसिबलांचा हा फरक म्हणजे उजेडातला आठपटीचा फरक, आणि तो सगळा एका टायचा! ‘झोल छोड़ना पड़ता है, आंटी,’ मुलगा म्हणाला. त्याच्या तोंडी हा शब्द आईच्या अर्थानं आला, याचं मला त्या दिवशी नेट सुरू झाल्याहून जास्त अप्रूप वाटलं.

आता खांदे सोडा. दात एकमेकांवर दाबले गेले असतील तर तेही सोडा. आणि तंतूकडे या.

तो काचेचा असतो. काच १२५ मायक्रॉन जाड, त्यावर रंगीत लेप. डोक्याचा एखादा जाड केस डोळ्यांसमोर आणलात की मापाची कल्पना येईल. पण प्रकाश या सगळ्या काचेतून जात नाही. तो मधल्या नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातून जातो, आणि भोवतालची काच थोडी वेगळ्या घडणीची असल्यामुळे बाहेर न पडता आतल्या आत राहतो. वळण रुंद असलं की राहतो, अरुंद केलं की निसटतो. म्हणून साध्या तंतूचं वेटोळं तीन सेंटिमीटर त्रिज्येहून लहान करत नाहीत. वाकवलेली चालणारी नवी जात निघाली आहे, ती याच्या पाव त्रिज्येतही वळते. तरी हाताला सवय जुन्या मापाचीच बरी.

ही काच स्वच्छ तरी किती? १९६६ साली चार्ल्स काओंनी मांडलं की दोष काचेचा नाही, काचेतल्या मळाचा आहे. मळ काढला तर प्रकाश दूरवर जाईल. त्यासाठी त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. आज चांगल्या तंतूत पंधराएक किलोमीटरनंतरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. खिडकीची काच पंधरा किलोमीटर जाड आहे असं समजा आणि तिच्यातून पलीकडे बघा. काही दिसेल का? या तंतूतला प्रकाश मात्र तेवढं अंतर पार करतो. आपल्या मराठवाड्यात, वाळूज-शेंद्र्याच्या पट्ट्यात, काचेचे दांडे तापवून असे तंतू ओढतात. हा तिथलाच आहे असं मी म्हणत नाही, पण तसं समजायला मला आवडतं.

आता डबा उघडा. एक पथ्य आहे: उघड्या टोकाला डोळा लावायचा नाही. आत प्रकाश आहे, पण तो अवरक्त आहे, आपल्याला दिसणारा नाही. दिसत नाही म्हणून तो नाही असं समजलात तर डोळ्याला इजा होऊ शकते. असेल, असं धरून वागायचं.

आत ट्रे आहे. ट्रेमध्ये रंग आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा. पुढे लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. हळू म्हणा. एका श्वासाला एक रंग. जोडारी मुलांना हा क्रम पाढ्यासारखा पाठ असतो.

ट्रेच्या कडेला चपटी पट्टी दिसते, तिला ही मुलं कपलर म्हणतात. एक तंतू आत, आठ बाहेर. प्रकाश आत येतो आणि आठ वाटे होऊन निघतो. प्रत्येकाला आठवा हिस्सा, शिवाय वाटपात थोडी सांड. इथं थोडं रेंगाळा, कारण मला या डब्यातली सगळ्यात नवलाची गोष्ट हीच वाटते. कंपनीकडून खाली घरांकडे उतरताना आठही घरांचं सगळं आठही घरी जातं. तुमच्या शेजाऱ्याचा सिनेमा, वरच्या मजल्यावरच्या मुलीचा क्लास, सगळं तुमच्या पेटीपर्यंत येतं, कुलूपबंद. तुमची पेटी आपल्या नावाचं तेवढं उचलते, बाकीचं जाऊ देते. उलट, वर जाताना सगळे एकदम बोलू शकत नाहीत. वरून प्रत्येक पेटीला वेळ नेमून दिलेली असते आणि तेवढ्या क्षणात तिनं आपलं बोलून गप्प व्हायचं. आषाढीला सेक्टर सहामधल्या विठ्ठल मंदिरात उभं राहिलात तर ही दर्शनबारी ओळखीची वाटेल. फरक इतकाच, की इथं बारी सेकंदात हजारो वेळा सरकते आणि मागून कोणी ढकलत नाही.

हिरव्या टोकाचे कनेक्टर दिसतात का? त्यांची तोंडं आठ अंशांनी तिरकी घासलेली असतात, परतून येणारा प्रकाश आल्या वाटेनं मागे जाऊ नये म्हणून. जोडण्याआधी तोंड पुसायचं, प्रत्येक वेळी. मे महिन्याच्या आंधीनंतर इथं बंद कपाटातल्या ताटावरही धूळ असते, आणि नऊ मायक्रॉनच्या वाटेत एक कण म्हणजे दारात आडवी पडलेली धोंड.

शेवटी ट्रेमधलं वेटोळं बघा. दीडेक मीटर उघडा तंतू, कुठेही न जाणारा, नुसता गोल गोल ठेवलेला. उधळपट्टी वाटते. पण जोड देण्याचं यंत्र डब्यात मावत नाही. तंतू बाहेर काढून यंत्रापर्यंत न्यावा लागतो. दोन टोकं समोरासमोर येतात, ठिणगी पडते, काच वितळून एक होते, वर नळी चढते, आणि तंतू पुन्हा ट्रेमध्ये निजतो. दर जोडाला थोडी लांबी खर्ची पडते. म्हणजे हे वेटोळं पुढच्या वेळच्या माणसासाठी आहे. आमच्या डब्यातलं कोणी ठेवलं माहीत नाही. या घरात आम्ही आलो तेव्हा बैठकीत योग्य उंचीवर दोन खिळे आधीच होते, तेही कोणी ठोकले माहीत नाही. क्वार्टर्स सांभाळणाऱ्या सीपीडब्ल्यूडीच्या इन्क्वायरी ऑफिसात अशी नोंद नसते.

झाकण लावण्याआधी आठ तोंडं मोजा. सातांत केबली आहेत. आठव्यावर टोपी आहे. ते वरच्या घराचं, एप्रिलमध्ये त्यांची बदली झाली, अजून कोणाला अलॉट झालेलं नाही. तिथंही आठवा हिस्सा पोचतो आहे, टोपीच्या आत, रात्रंदिवस.