दंडाचा अधिकार आणि अधर्माचे चार वाटे

राज्यसंस्थेने नेमलेल्या शिपायाच्या गोळीने एखादा नागरिक मरण पावतो, तेव्हा कायदा मुख्यतः एकच गोष्ट तपासतो : त्या क्षणी गोळी झाडणे आवश्यक होते काय? धर्मविचाराला मात्र एवढ्यावर थांबता येत नाही. गोळीबार अनाठायी होता असे ठरल्यास त्या हत्येचे पातक कोणाच्या माथी येते, आणि ते एकट्या गोळी झाडणाऱ्याचे असते की त्याच्या मागेपुढे उभ्या असलेल्या इतरांनाही त्यात वाटा घ्यावा लागतो, हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न असतो. भारतीय धर्मशास्त्राने या प्रश्नाला दिलेले एक उत्तर आजही विचारात घेण्याजोगे आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात न्यायसभेत अन्याय घडला असता अधर्माचे चार भाग कल्पिलेले आहेत : पहिला भाग कर्त्याकडे जातो, दुसरा साक्षीदाराकडे, तिसरा सभासदांकडे, म्हणजे निवाड्यासाठी बसलेल्यांकडे, आणि चौथा राजाकडे. ज्या ग्रंथाने जन्मावरून माणसामाणसांत भेद केला त्याच ग्रंथात हा विचार यावा, या विसंगतीकडे पुढे वळावेच लागेल. तथापि पोलीस गोळीबाराच्या चर्चेला हा चार वाट्यांचा हिशेब जितका लागू पडतो, तितका तो सार्वजनिक चर्चेत मांडला जात नाही.

निफाड तालुक्याला हा प्रश्न परका नाही. नोव्हेंबर १९८० मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी संघटनेने कांदा आणि उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात रास्ता रोको व रेल रोको आंदोलन केले, आणि त्या आंदोलनात मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील याच तालुक्यातील खेरवाडी येथे झालेल्या पोलीस गोळीबारात दोन शेतकरी मरण पावले. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारात खरिपाचा लाल कांदा उतरू लागतो ते हे दिवस. आंदोलकांची मागणी राज्य उलथविण्याची नव्हती, उत्पादनखर्च भरून निघेल असा भाव मिळावा एवढीच होती. संघटनेने त्या दोघांना हुतात्मे मानले आणि शेतकरी चळवळीच्या इतिहासात खेरवाडीचे नाव कायम झाले. हे मृत्यू विस्मरणात गेले नाहीत याचे एक कारण असे की, मृतांच्या मागे गावोगावी पसरलेली संघटना होती, सभा गाजविणारा आणि लिहिता नेता होता, आणि शेतकरी म्हणून त्यांचा शब्द ऐकून घेणारा समाज होता. ज्यांच्या मागे असे काहीच नसते त्यांच्या मृत्यूचे काय होते, येथून जातीचा प्रश्न सुरू होतो.

त्या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी दंडाची कल्पना स्पष्ट करून घ्यावी लागते. दंड म्हणजे शिक्षा करण्याची, प्रसंगी प्राण घेण्याचीही राजसत्तेची शक्ती. दंड नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो तसे बलवान दुर्बलांना गिळतील, या अवस्थेला प्राचीन विचारवंतांनी मात्स्यन्याय म्हटले आणि तिच्यातूनच दंडाचे समर्थन केले. परंतु हे समर्थन बिनशर्त नव्हते. अर्थशास्त्रात कौटिल्याने अतिकठोर दंडाने प्रजा उद्विग्न होते आणि अतिसौम्य दंडाची अवहेलना होते असे सांगून यथायोग्य दंडालाच मान दिला आहे. इतकेच नव्हे तर निरपराध्याला दंड करणाऱ्या राजानेच त्या रकमेच्या तीसपट दंड वरुणाच्या नावाने पाण्यात सोडावा असेही विधान केले आहे. मनुस्मृतीचा सातवा अध्यायही दंडाचा गैरवापर करणाऱ्या राजाचा दंडाकडूनच नाश होतो असे मानतो. राजाच्या वर कोणी नाही अशा व्यवस्थेत राजाला जाब विचारणार कोण, ही अडचण या ग्रंथकारांना दिसली होती. म्हणून त्यांनी वरुणाला, म्हणजे ऋताचा आणि सत्याचा रक्षक मानलेल्या देवतेला, राजावरचा दंडाधिकारी केले. लोकशाहीत वरुणाची ती जागा न्यायालय, विधिमंडळ आणि वृत्तमाध्यमे यांनी घ्यावी अशी अपेक्षा असते.

चार वाट्यांपैकी पहिला कर्त्याचा. बेकायदा जमाव पांगविण्यासाठी बळ वापरण्याचा अधिकार पोलिसांना पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेने दिला होता आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने दिला आहे. आधी इशारा, मग लाठीमार, मग अश्रुधूर आणि अगदी नाइलाज झाला तरच गोळी, तीही कमरेखाली, हा त्यामागचा सर्वमान्य क्रम आहे. मात्र याच कायद्यात असेही कलम आहे की, जमाव पांगविताना केलेल्या कृतीबद्दल पोलिसावर शासनाच्या मंजुरीशिवाय खटला भरता येत नाही. सद्भावनेने कर्तव्य बजावणाऱ्या शिपायाला सूडाच्या खटल्यांपासून संरक्षण हवे, हे त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. पण त्याचा परिणाम असा होतो की, कर्त्याचा वाटा मोजायचा की नाही हे ठरविण्याचा पहिला अधिकार ज्याने त्याच्या हाती बंदूक दिली त्याच्याकडेच राहतो. कौटिल्याचा राजा निदान आपला दंड पाण्यात सोडत होता.

दुसरा वाटा साक्षीदाराचा, आणि वृत्तपत्रे व वाहिन्या यांची जागा येथे आहे. गोळीबाराची पहिली बातमी बहुधा पोलिसांच्या निवेदनावरून तयार होते आणि तिची वाक्ये ठरलेली असतात : जमाव हिंसक झाला, दगडफेक झाली, स्वसंरक्षणार्थ गोळीबार करावा लागला, त्यात अमुक जणांचा मृत्यू झाला. या वाक्यांत जमावाची कृती कर्त्यासह सांगितलेली असते. गोळी मात्र कोणी झाडली हे न सांगताच झाडली जाते. दुसऱ्या दिवशी वस्तीतील लोकांचे म्हणणे छापून येते, परंतु ते ‘आरोप’ या नावाखाली. एकाचे विधान वस्तुस्थिती आणि दुसऱ्याचे विधान आरोप, ही वर्गवारी पुरावा तपासण्यापूर्वीच झालेली असते.

कोणाचा शब्द प्रमाण मानावा, या प्रश्नाचा विचार न्यायदर्शनाने फार बारकाईने केला आहे. शब्द, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारे ज्ञान, हे प्रमाण मानताना त्याने ते आप्ताच्या शब्दापुरते मर्यादित केले. आणि आप्त कोण, तर ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे व जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. न्यायभाष्यकार वात्स्यायनाने यापुढे जाऊन हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे असे स्पष्ट केले. या कसोटीत गणवेशाला स्थान नाही, जातीलाही नाही. पाहिले कोणी आणि खरे सांगण्यात कोणाचा स्वार्थ आड येतो, एवढेच तिला विचारायचे असते. गोळी झाडणारे दल हे त्या घटनेत पक्षकार असते, त्यामुळे त्याचा शब्द ऐकावा जरूर, पण तो आप्ताचा शब्द म्हणून नव्हे.

११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपर येथील माता रमाबाई आंबेडकर नगर या दलित वस्तीत जे घडले, ते या कसोटीवर तपासण्यासारखे आहे. त्या सकाळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. संतापलेली वस्ती पूर्व द्रुतगती महामार्गावर आली. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि त्यात दहा जणांचा बळी गेला. जमाव वायूचे टँकर पेटविण्याच्या बेतात होता, ते पेटते तर परिसर बेचिराख झाला असता, म्हणून गोळी चालवावी लागली, असे समर्थन पुढे आले आणि काही काळ तेच बातम्यांचा विषय झाले. चार दिवसांनी, १५ जुलैला, अशा वस्त्यांचे दुःख गाणारे शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. न्यायमूर्ती गुंडेवार यांच्या चौकशी आयोगाने टँकरचे हे समर्थन मान्य केले नाही, गोळीबार असमर्थनीय ठरविला आणि तुकडीचे नेतृत्व करणारे उपनिरीक्षक मनोहर कदम यांना जबाबदार धरले. वस्तीतील माणसे पहिल्या दिवसापासून हेच सांगत होती. त्यांचे सांगणे ज्ञान ठरण्यासाठी न्यायमूर्तींच्या सहीची वाट पाहावी लागली.

येथे सावधगिरीचाही एक मुद्दा आहे. दुर्बळाचा शब्द तो दुर्बळाचा आहे म्हणून आपोआप खरा ठरत नाही; तसे मानले तर वात्स्यायनाची समान कसोटी दुसऱ्या बाजूने मोडते. अमेरिकेतील फर्ग्युसन शहरात ९ ऑगस्ट २०१४ रोजी मायकेल ब्राऊन हा अठरा वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण एका गौरवर्णीय पोलिसाच्या गोळीने ठार झाला. ब्राऊनने हात वर केले होते ही गोष्ट जगभर पसरली आणि तिची घोषणा झाली. मार्च २०१५ मध्ये तेथील संघराज्याच्या न्याय विभागाने एकाच दिवशी दोन अहवाल प्रसिद्ध केले. एकाने त्या पोलिसावर खटला भरण्याइतका पुरावा नाही आणि हात वर केल्याच्या कथनाला विश्वासार्ह आधार सापडत नाही असे म्हटले. दुसऱ्याने त्याच शहराचे पोलीस खाते कृष्णवर्णीयांना सातत्याने भेदभावाने वागवत होते आणि त्यांच्याकडून दंड वसूल करून नगरपालिकेची तिजोरी भरली जात होती असे दाखवून दिले. एका घटनेचे सत्य आणि अनेक घटनांच्या परिपाठाचे सत्य या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. परिपाठ अन्यायाचा आहे म्हणून प्रत्येक घटना तशीच असते असे नाही, आणि एक घटना तशी नव्हती म्हणून परिपाठ निर्दोष ठरत नाही. ज्या साक्षीदाराला हा विवेक राहत नाही, तो कोणाचीही बाजू घेत असला तरी अधर्मातील आपला वाटा चुकवू शकत नाही.

तिसरा वाटा सभासदांचा, म्हणजे आज न्यायाधीशांचा आणि चौकशी आयोगांचा. घाटकोपरच्या प्रकरणी सत्र न्यायालयाचा निकाल २००९ मध्ये लागला. कदम यांना दोषी धरून जन्मठेप सुनावली गेली, आणि अपील प्रलंबित असताना त्यांना जामीन मिळाला. गोळीबार आणि शिक्षा यांच्यामध्ये बारा वर्षे गेली. चौकशी आयोगाच्या १९५२ च्या कायद्यानुसार आयोगाचे निष्कर्ष शासनावर बंधनकारक नसतात, फक्त कारवाईच्या टिपणासह सहा महिन्यांत अहवाल विधिमंडळापुढे ठेवणे अपेक्षित असते. त्यामुळे आयोग नेमणे हे अनेकदा सत्यशोधनापेक्षा क्षोभ ओसरू देण्याचे साधन बनते. न्यायासनावर बसलेल्याची सत्तेपुढे काय स्थिती असते, याचे उदाहरण निफाडशीच जोडलेले आहे. तेथे १८४२ मध्ये जन्मलेले महादेव गोविंद रानडे पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. पण १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या काळात, ते सरकारी न्यायाधीश असूनही सरकारच्या संशयाला पात्र ठरले, त्यांची बदली धुळ्याला झाली आणि त्यांची पत्रे फोडून वाचली जात होती. सत्तेची संशयी नजर न्यायासनावर बसलेल्यालाही सोडत नाही, हे त्यांनी स्वतः अनुभवले. सर्व माणसे एका ईश्वराची लेकरे आहेत आणि सदसद्विवेकबुद्धी हा त्याचाच आवाज आहे असे मानणाऱ्या प्रार्थना समाजाच्या या धुरीणाच्या दृष्टीने न्यायदान हे नोकरीपेक्षा अधिक, धर्माचरणाच्या कोटीतील काम होते. त्या कोटीत विलंबही अधर्मच ठरतो.

चौथा वाटा राजाचा. राजा आता प्रजा आहे, म्हणून हा वाटा शासनापुरता थांबत नाही. २३ सप्टेंबर २०२४ रोजी बदलापूर येथील बालिकांवरील अत्याचाराच्या प्रकरणातील आरोपी पोलीस वाहनात गोळी लागून मरण पावला. खटला उभा राहण्यापूर्वीच झालेल्या या मृत्यूचे काही ठिकाणी फलक लावून आणि पेढे वाटून स्वागत झाले, आणि पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांच्या कथनावर संशय घेतला गेला. बरोबर दहा वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील चकमकींच्या प्रकरणातच प्रत्येक अशा मृत्यूची स्वतंत्र यंत्रणेकडून चौकशी व्हावी आणि चकमकीनंतर लगोलग बढत्या वा शौर्यपदके दिली जाऊ नयेत असे आदेश दिले होते. ज्या गुन्ह्याने समाज हादरला त्याचा संताप योग्यच होता; पण संतापाच्या भरात निवाड्यावाचून झालेल्या मृत्यूला संमती देणारा जमाव चौथा वाटा स्वतःहून मागून घेत असतो.

आता मनुस्मृतीतील विसंगतीकडे वळता येईल. अधर्माचे चार वाटे सांगणारा हा ग्रंथ एकाच अपराधाला वर्णागणिक वेगळा दंड सांगतो आणि साक्षीदाराची विश्वसनीयताही जन्माशी जोडतो. अधर्माची वाटणी कशी करावी हे त्याने अचूक ओळखले, पण अधर्म कोणावर झाला म्हणजे तो मोजायचा, हे ठरविताना त्याने माणसांची उतरंड मान्य केली. ब्रिटिश राज्याने १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अखंड जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवून तीच उतरंड नव्या वंशशास्त्राच्या भाषेत मांडली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पारध्यासारख्या जमातीतील माणसाकडे पोलीस ठाण्यात आजही पुष्कळदा त्याच नजरेने पाहिले जाते. डॉ. आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन केले आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, निफाडला लागून असलेल्या येवल्यात, हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, तेव्हा त्यांचा आक्षेप या उतरंडीवर होता. संविधानाच्या १४ व्या आणि २१ व्या अनुच्छेदांनी कायद्यापुढील समानता आणि जीविताचे संरक्षण ‘कोणत्याही व्यक्तीला’ दिले. वात्स्यायनाने ज्ञानाच्या क्षेत्रात मान्य केलेली समानता दंडाच्या क्षेत्रात येण्यास इतका काळ लागला.

म्हणून पोलीस गोळीबाराच्या प्रत्येक घटनेचा निवाडा चारही वाट्यांचा व्हावयास हवा. शिपायावर खटला चालविण्याचा निर्णय शासनाच्या मर्जीवर राहू नये. पोलिसांचे निवेदन ही एका पक्षकाराची बाजू म्हणूनच छापली जावी. आयोगांचे अहवाल आणि त्यांवरील कारवाई ठरल्या मुदतीत विधिमंडळात यावी. आणि नागरिकांनी मृत माणसाची जात वा त्याच्यावरील आरोप पाहून आपली सहानुभूती वाटू नये. यांपैकी एक वाटा जरी न मोजता राहिला, तरी बंदूक चालविणाऱ्या एकट्या शिपायाला झालेली शिक्षा हा पुरा न्याय होत नाही.