मौज कुठे संपते?



आजचं वाचन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं, श्लोक ६२ आणि ६३. माणूस कसा घसरत जातो ते भगवंत पायरी-पायरीने सांगतात. विषयांचं चिंतन, त्यातून आसक्ती, मग कामना, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश आणि शेवटी सर्वनाश. कितीदा तरी वाचलंय हे. या वेळी मात्र पहिल्याच पायरीवर अडकलो. साखळी सेवनापासून सुरूच होत नाही, चिंतनापासून होते!

अडकायचं कारण माझा एक मित्र. पुण्यात चांगली नोकरी, एकादशी न चुकवणारा. दोन वर्षं गांजा ओढतोय. विचारलं की म्हणतो, "अरे, फक्त शनिवारी. व्यसन नाहीये हे. आणि महादेवाचा प्रसादच की तो!" (महादेवाला मधे आणणं मला अजिबात पटत नाही. त्यांनी हलाहल प्यायलं ते जग वाचवायला, वीकेंड साजरा करायला नाही.)

पण त्याचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. अधूनमधून ओढणारा प्रत्येक जण व्यसनी असतो का? नसतो. सरसकट तसं म्हटलं तर ते खोटं ठरतं, आणि मित्र आपलं पुढचंही ऐकत नाही. ओढणं निर्धोक आहे असं नाही. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गांजाचं सेवन गुन्हाच आहे. तरी मौज आणि व्यसन यांच्यात रेघ आहे. ती कुठे?

मानसोपचारात डीएसएम-५ नावाची निदानाची पुस्तिका वापरतात. तिच्यात ११ निकष आहेत: ठरवलं त्याहून जास्त घेतलं जाणं, कमी करायचे प्रयत्न फसणं, तलफ येणं, काम आणि नाती मागे पडणं, असे. १२ महिन्यांत त्यातले २ दिसले तरी विकार सौम्य स्वरूपात आहे असं धरतात, ६ किंवा जास्त असतील तर तीव्र. आणि गंमत बघा, 'आठवड्यातून इतक्या वेळा' असा आकडा त्यात कुठेच नाही.

माझा मित्र शनिवारीच ओढतो, हे खरंय. पण माल मिळेल ना, हा घोर गुरुवारपासून सुरू होतो. बहिणीच्या डोहाळजेवणाला गेला नाही, कारण शनिवार होता. ज्या शनिवारी मिळालं नाही, त्या दिवशी डिलिव्हरीवाल्या पोरावर उगाच खेकसला. चिंतन, आसक्ती, क्रोध. स्मृतिभ्रंश म्हणजे चावी विसरणं नव्हे. आपण काय ठरवलं होतं, आपण कोण आहोत, याचाच विसर. दर महिन्याला तो "आता बंद" म्हणतो आणि मनापासून म्हणतो. शनिवार उजाडला की ते जणू दुसऱ्याच कुणीतरी म्हटलेलं असतं.

गेल्या महिन्यात म्हणाला, "आईचा फोन आला तर सांग, नाइट शिफ्टला आहे." मैत्रीत एवढंसं खोटं चालतं, असं आपण धरून चालतो. मी म्हटलं, "खोटं नाही बोलणार. तुझं गुपितही फोडणार नाही. काकूंना तूच सांग, मी शेजारी बसतो." दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही. मला ते लागलं. पण ते खोटं बोललो असतो तर त्या साखळीची एक कडी मीच धरून ठेवली असती. हे वचनही बिनशर्त नाही हं. त्याच्या जिवाला धोका दिसला तर गुपित-बिपित काही नाही, सरळ घरी आणि डॉक्टरांना फोन.

मग करायचं तरी काय? सहाव्या अध्यायात भगवंत म्हणतात की आपला उद्धार आपणच करायचा. म्हणून मित्राला सोडून द्यायचं? भगवंतांनी स्वतः काय केलं ते पाहा. धनुष्य उचललं नाही, पण रथही सोडला नाही. सगळं सांगून झाल्यावर अठराव्या अध्यायात निर्णय अर्जुनावरच सोपवला. मला वाटतं, मित्राचं कामही एवढंच आणि एवढं मोठं आहे. तो नशेत नसताना बोलायचं. प्रवचन द्यायचं नाही, पाहिलेलं सांगायचं: "तू डोहाळजेवणाला आला नाहीस." उसने पैसे द्यायचे नाहीत, जेवायला मात्र बोलवायचं. आणि मदतीची दारं माहीत करून ठेवायची. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन मोफत आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. दारू किंवा ब्राऊन शुगर असेल, तर "आजपासून एकदम बंद" असा हट्ट धरू नका. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायला हवं.

परवा त्याचा मेसेज आला, "मुक्तांगणला आधी फोन करावा लागतो का?" मी नंबर पाठवला. फोन त्याने अजून केलेला नाही. शनिवारी सकाळी मिसळ खायला ये म्हटलंय, येतो म्हणालाय.