घराच्या खांद्यावरची टाळेबंदी

कोविडच्या साथीत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ३० एप्रिल २०२० रोजी देशातील जिल्ह्यांची लाल, नारिंगी आणि हिरवी अशी विभागणी केली. महाराष्ट्राच्या वाट्याला हिरवे जिल्हे मोजकेच आले आणि त्यांत उस्मानाबाद, सिंधुदुर्ग, वर्धा, गोंदिया, गडचिरोली यांच्याबरोबर वाशीमचे नाव होते. मागच्या २१ दिवसांत नवा रुग्ण नाही, एवढाच त्या हिरव्या रंगाचा अर्थ. तोपर्यंत टाळेबंदीला पाच आठवडे झाले होते. शाळा, अंगणवाड्या, आठवडी बाजार, एसटी, सगळे बंद होते. रोग जवळपास नाही आणि टाळेबंदी मात्र पुरती, अशी ही स्थिती होती. टाळेबंदीने घरावर काय लादले हे तपासायचे असेल, तर मुंबई-पुण्यापेक्षा वाशीमसारखा जिल्हा म्हणूनच अधिक उपयोगी पडतो. महानगरांत रोगाचा भार आणि बंदीचा भार एकमेकांत इतके मिसळले की कोणता कुठला हे सांगणे कठीण झाले. वाशीममध्ये निदान सुरुवातीचे काही महिने बंदीचा भार वेगळा काढून पाहता येतो. तसा तो पाहिला की एक गोष्ट स्पष्ट होते. जी जी सार्वजनिक व्यवस्था थांबली, तिचे काम थांबले नाही; ते घरात आले, आणि घरात आल्यावर ते सर्वांत वाटले न जाता बायकांच्या अंगावर पडले. त्याची नोंद कोणत्याही कागदावर झाली नाही. जोवर ती होत नाही, तोवर पुढच्या संकटाची आपली कोणतीही तयारी अर्धवटच राहील, असे माझे म्हणणे आहे.

वाशीम हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे बारा लाख, आणि त्यातले ऐंशी टक्क्यांहून अधिक लोक खेड्यात राहणारे. सोयाबीन, तूर, हरभरा ही इथली मुख्य पिके. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे आले, त्यांतला हा एक. इथले घर म्हणजे केवळ राहण्याची जागा नाही. शेतातला माल घरात येतो, बियाणे घरात राखले जाते, गुरांचे चारापाणी घरातूनच होते. मार्च-एप्रिलमध्ये गहू-हरभरा घरात यायचा असतो, वर्षाचे पापड-कुरडया-शेवया याच दिवसांत होतात. अशा भरल्या कामाच्या दिवसांत पोरांची शाळा सुटली आणि पुण्या-मुंबईकडे मजुरीला गेलेली माणसे मिळेल त्या वाहनाने, पुष्कळदा पायी, गावी परतली. खाणारी तोंडे वाढली, येणारा पैसा थांबला आणि जिथे माल विकायचा ते बाजार बंद झाले. पुढे जूनमध्ये विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनचे बियाणे उगवले नाही म्हणून अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आली. टाळेबंदीचे घर समजून घेताना ही सारी पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी लागते.

आधी अन्न पाहू. एप्रिल २०२० पासून रेशनकार्डावर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळू लागले. ही मदत मोलाची होती आणि तिने पुष्कळ घरांतली उपासमार टाळली, यात वाद नाही. पण सरकारचा हिशेब कंट्रोलच्या दुकानातल्या काट्यावर संपतो. तिथून पुढे ते धान्य पाखडावे-निवडावे लागते, दळण चक्कीवर नेऊन रांगेत बसावे लागते, पाणी आणावे लागते, सरपण किंवा सिलिंडर पाहावा लागतो, आणि मग कुठे भाकरी टोपल्यात पडते. भाजीबाजार बंद असताना त्याच तुरीच्या डाळीचे, त्याच बेसनाचे रोज काय नवे करायचे, हाही रोजचा घोर असतोच. याच काळात शालेय पोषण आहाराचे काय झाले ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. शाळा चालू असताना गावातलीच एखादी बाई किंवा बचतगट मानधन घेऊन शाळेत भात-वरण रांधत असे. शाळा बंद झाल्यावर तांदूळ आणि कडधान्य कोरडेच पालकांच्या हाती दिले गेले. अंगणवाडीच्या गरम आहाराच्या जागीही घरपोच कोरडा शिधा आला. कागदावर योजना अखंड चालू राहिली, लाभार्थी तेवढेच, धान्यही जवळपास तेवढेच. गेले ते रांधण्याचे काम. जे काम कालपर्यंत शाळेत मानधनाचे होते, ते आज प्रत्येक आईच्या चुलीपाशी बिनमोलाचे झाले. एवढा मोठा बदल झाला आणि तो बदल म्हणून कोणाला दिसलासुद्धा नाही.

शिक्षणातही हेच घडले. राज्याने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी घोषणा केली आणि ती कोरडी नव्हती. शिक्षकांनी व्हॉट्सअॅपचे गट केले, काहींनी गावात फिरून ओट्या-पारावर मुले जमवली. पहिली ते आठवीसाठी २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पण राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकड्यांनुसार देशातल्या ग्रामीण घरांपैकी जेमतेम पंधरा टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. पुढच्या दोन वर्षांत फोन वाढले हे खरे, तरी घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यांत मोठे अंतर आहे. शेतकरी घरात फोन सहसा एक, आणि तो घरच्या कर्त्या पुरुषाच्या खिशात. सकाळी गटावर अभ्यास पडतो तेव्हा फोन शेतात असतो. तो संध्याकाळी घरी येतो, तेव्हा त्यात डेटा उरलेला नसतो किंवा रिचार्ज संपलेला असतो. मग तीन भावंडांचा तीन इयत्तांचा अभ्यास त्याच तासात उरकायचा. जवळ बसायला कोण? बहुतेक आई, जिला कणीक मळता मळता सातवीचे गणित समजावून द्यायचे आहे आणि जी स्वतः कदाचित सातवीपर्यंतच शिकलेली आहे. तिला जमले नाही की थोरल्या मुलीची पाळी. पहिली ते चौथीचे वर्ग राज्याच्या ग्रामीण भागात १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले, म्हणजे सर्वांत लहान मुले जवळपास वीस महिने शाळेबाहेर होती. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणी अहवालात तिसरीतील मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्यांचे देशातले प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ वर आले. ही घसरण आयांच्या नाकर्तेपणाची नाही. प्रशिक्षित शिक्षकाचे काम वेळ, साधन आणि शिक्षण यांपैकी काहीच हाती नसलेल्या माणसाकडे सोपवले, त्याचा हा अटळ परिणाम आहे.

यावर कोणी म्हणेल की शाळा बंद ठेवण्यावाचून इलाज नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये याच जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात, देगावच्या निवासी शाळेत, दोनशेहून अधिक विद्यार्थी बाधित निघाले. ती भीती खोटी नव्हती. परंतु शाळा बंद ठेवणे योग्य होते की नव्हते, हा प्रश्नच इथे नाही. निर्णय योग्य मानला तरी त्याची किंमत उरतेच, आणि ती कोणी चुकवली हे विचारण्याचा हक्कही उरतो. निर्णय घेणारा आणि किंमत मोजणारा ही माणसे वेगळी असतात, तेव्हा तर हा प्रश्न विचारणे जास्तच जरुरीचे ठरते.

आरोग्याच्या बाबतीत तर काम घरावर सोपवल्याचे राज्याने उघडच सांगितले. १५ सप्टेंबर २०२० रोजी सुरू झालेल्या मोहिमेचे नावच ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ होते. घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजणारी आशाताई ही सरकारदरबारी कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. तिला पगार नाही, मोबदला मिळतो. १५ जून २०२१ पासून आशांना राज्यभर संप करावा लागला, यातच सारे आले. ज्या घरात ती पोहोचे, तिथे वेगळी ठेवलेली भांडी कोण घासत होते, म्हाताऱ्या सासऱ्याला काढा कोण देत होते, परगावाहून आलेला मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत विलगीकरणात असताना त्याचा डबा कोण करत होते? १९१८ च्या इन्फ्लुएंझात मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशातल्या सर्वाधिक मृत्यूंच्या प्रांतांपैकी एक होता. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. त्या साथीत भारतात पुरुषांपेक्षा स्त्रियांचे मृत्यू जास्त झाले, आणि घरच्या आजाऱ्यांची शुश्रूषा बायकांकडे असणे हे त्याचे एक कारण अभ्यासक मानतात. शंभर वर्षांनंतर औषधे बदलली, ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र बोटावर आले. शुश्रूषेची वाटणी मात्र तीच राहिली.

या भाराखाली दबलेल्या बाईला श्वास घ्यायला एक जागा असते, ती म्हणजे माहेर. उन्हाळ्यात लेक चार दिवस माहेरी जाते ती केवळ हौसेने नाही. सासरी काही बिनसले असेल तर बोलायला, रडायला, प्रसंगी भावाला मध्ये घालायला तेच एक ठिकाण असते. वाशीमच्या सीमेला अकोला, अमरावती, यवतमाळ, हिंगोली आणि बुलडाणा लागून आहेत, आणि सोयरिकी या सीमा पाहून होत नाहीत. टाळेबंदीत याच सीमा बंद झाल्या. आंतरजिल्हा प्रवासाची ई-पासची अट सप्टेंबर २०२० च्या सुरुवातीला उठली, तोवर रिसोडची लेक सेनगावच्या माहेरी सहजी जाऊ शकत नव्हती. घरगुती हिंसेच्या तक्रारी वाढल्या म्हणून राष्ट्रीय महिला आयोगाने एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सअॅपचा क्रमांक दिला. चांगले केले. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, फोन त्याच्याच खिशात असेल तर हा क्रमांक कोणी लावायचा?

आता आक्षेप. सर्वांत लोकप्रिय आक्षेप असा की टाळेबंदीने कुटुंब जवळ आले आणि पुरुषांना घरकामाची ओळख झाली. काही घरांत तसे झाले असेलही. पण अपवादावरून निष्कर्ष काढता येत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि करणारे पुरुष ९७ मिनिटे. घरकामाला हात लावणारे पुरुषच मुळात चारांत एक. टाळेबंदीनंतरच्या, २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले आणि हात लावणाऱ्या पुरुषांच्या प्रमाणात नाव घेण्याजोगी वाढ झाली नाही. टाळेबंदीने पुरुषांना स्वयंपाकघरात नेले असते, तर त्याची खूण इथे दिसायला हवी होती. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात स्त्री-पुरुष दोघेही भाजी निवडत असल्याचे चित्र छापले. ते चित्र पाहिलेली मुले पुढल्याच वर्षी घरी बसली. घरात त्यांनी जे पाहिले तोही एक धडाच होता, आणि तो पुस्तकातल्यापेक्षा फार लांबला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पुरुषांनी काय कमी सोसले? रोजगार गेला, हाती दमडी नसताना शेकडो किलोमीटर चालत यावे लागले, गावात रोग आणणारा म्हणून संशयाने पाहिले गेले. हे सारे खरे आहे आणि ते कमी लेखण्याचा कोणालाही अधिकार नाही. पण पुरुषाच्या हानीला नाव आहे: बेरोजगारी. तिच्यासाठी पाहणी होते, योजना निघते, रोजगार हमीचा दर वाढतो. बाईच्या वाट्याला मजुरी बुडणे आणि काम वाढणे दोन्ही एकदमच आले. निंदणाची मजुरी बुडाली तरी घरचे निंदण सुटले नाही. तिची मजुरी बुडालेली कदाचित कुठे मोजली जाईल, वाढलेले काम मात्र कुठेच नाही. एकत्र कुटुंबात काम वाटले जाते, हेही म्हणणे अर्धेच खरे. ते सासू, सून, जाऊ आणि पोरी यांच्यातच वाटले जाते, आणि सर्वांत धाकट्या सुनेकडे सर्वांत जास्त जाते.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे. घरचे काम प्रेमाने होते, त्याला मिनिटे आणि पैसे लावणे म्हणजे कुटुंबाची दुकानदारी करणे. मला हे पटत नाही. शेतकऱ्याचे आपल्या मातीवर प्रेम असते म्हणून कोणी त्याच्या मालाला हमीभाव नाकारत नाही. प्रेम मोजायचे नसते हे कबूल. पण श्रम मोजायचे असतात. शेजारच्या बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्येच ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून बाईकडून सारे मागायचे आणि दोषही तिलाच द्यायचा या रीतीवर बोट ठेवले होते. त्यागाची स्तुती हा श्रम न वाटून घेण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, आणि टाळेबंदीत आपण ती स्तुती मनसोक्त केली.

मग करायचे काय? टाळेबंदी लागू झाली ती २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली, आणि त्याच कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला आपत्तीचा आराखडा करायला सांगितले आहे. त्या आराखड्यात खाटा, धान्य, रुग्णवाहिका यांचा विचार होतो. घर हा त्यातला एक घटक मानला जावा. शाळा बंद करावी लागली तरी शाळेचा स्वयंपाक बंद होऊ नये. बचतगटांनी तो रांधून वाडी-तांड्यांवर पोहोचवावा आणि त्याचा मोबदला त्यांना मिळावा. अभ्यासासाठी फोनवर विसंबण्याऐवजी गावात मोकळ्या जागी लहान गट बसवण्याची सोय आधीच ठरवलेली असावी. आशाताईला कर्मचारी मानून पगार द्यावा. जिल्ह्याची सीमा बंद होते तेव्हा रुग्णाइतकीच संकटात सापडलेल्या बाईलाही माहेरी जाण्याची परवानगी असावी. आणि जमीन-घराच्या कागदांवर, बँकेच्या खात्यावर पत्नीचे नाव असावे. कोविडमध्ये नवरा गमावलेल्या बायकांना त्यानंतर कागदांसाठी किती हेलपाटे घालावे लागले हे राज्याने पाहिले आहे. त्यांच्यासाठीच २०२१ मध्ये ‘मिशन वात्सल्य’ सुरू करावे लागले. यातले काहीही खर्चिक किंवा अशक्य नाही. घराच्या आत काम वाटून घेणे मात्र कोणत्याही शासन निर्णयाने होणार नाही; ते प्रत्येक बापाला, भावाला आणि मुलाला स्वतःच करावे लागेल, तेही संकट नसताना, कारण ऐन संकटात माणूस जुन्याच सवयीला धरून राहतो. साथ पुन्हा येईल, दुष्काळही येईल, आणि दरवेळी आपण घरावरच विसंबणार आहोत. ज्याच्यावर एवढे विसंबायचे, त्याच्या श्रमाचा हिशेब ठेवणे आणि त्यात आपला वाटा उचलणे ही किमान प्रामाणिकपणाची अट आहे.