क्रमांक ४१५१

माटुंग्याच्या डॉन बॉस्को मातेच्या मंदिरातून घरी आलेला एखादा वाचक लॅपटॉपवर योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातले आठवे वचन उघडतो. मराठीत सुरुवातीला ‘वारा’, शेवटी ‘आत्मा’. ई-स्वोर्डसारख्या सॉफ्टवेअरमध्ये क्रमांक जोडलेला मजकूर पाहिला, की दोन्हींखाली एकच आकडा येतो: ४१५१, ग्रीक ‘प्न्युमा’. भाषांतरात निसटलेला श्लेष एका टिचकीत सापडतो.

आकडे मात्र संगणकाच्या आधीचे. ते जिच्यातून आले ती जेम्स स्ट्राँग यांची बायबलची शब्दसूची १८९० सालची.

मूळ शब्दांपर्यंतची ही वाट मराठीत पंडिता रमाबाईंनी संगणकाविना तुडवली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी अख्खे बायबल मराठीत आणले. १९२२ मध्ये निधनापूर्वी काम पुरे केले. संस्कृतात मुरलेल्या या विदुषीला भाषा हवी होती ती साध्या बायाबापड्यांना कळणारी.

आज सॉफ्टवेअर मूळ शब्दाचे सगळे अर्थ ओळीने मांडते, आणि उत्साही अभ्यासक ते सगळेच एका वचनात कोंबतो. घोटाळा इथेच! ‘मान’ म्हणजे गळ्यामागचा भाग, आदर आणि मापही. पण ‘मान अवघडली’ म्हणणाऱ्याला कुणी सत्काराचे विचारत नाही. योहानाने मात्र दोन अर्थ मुद्दाम खेळवलेत. हा फरक आकडा सांगत नाही. त्यासाठी त्या अध्यायातला येशूचा निकदेमाशी चाललेला अख्खा संवाद वाचावा लागतो.