लाक्षागृह आणि विदुराचा शब्द



सायंकाळच्या आरतीनंतर सभामंडपात घटकाभर विसावणाऱ्या मंडळींचे बोलणे हल्ली वारंवार एकाच विषयाकडे वळते. कोणी म्हणतात, "घरात चपला घेण्याची गोष्ट निघाली, आणि तासाभरात मोबाइलवर चपलांच्याच जाहिराती!" कोणी विचारतात, "चौकाचौकात कॅमेरे बसले, ते आपल्या रक्षणासाठी की आपल्यावर पाळत ठेवण्यासाठी?" अनोळखी क्रमांकावरून फोन आला की कित्येक वृद्ध मातांच्या उरात धडकी भरते. या शंकांना क्षुल्लक म्हणून हसण्यावारी नेणे आम्हांस योग्य वाटत नाही. ज्या घरात मनुष्यास निर्धास्त झोप लागत नाही, त्या घरात त्याच्या हातून जपजाप्यही स्वस्थ चित्ताने घडत नाही. म्हणून या वेळच्या निरूपणास आम्ही आदिपर्वातील जतुगृहाचा, म्हणजेच लाक्षागृहाचा प्रसंग घेतला आहे.

कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. पांडवांनी कुंतीसह वारणावतास जाऊन राहावे, अशी योजना झाली. दुर्योधनाचा अमात्य पुरोचन याने तेथे त्यांच्यासाठी लाख, राळ, तूप, तेल अशा ज्वालाग्राही पदार्थांनी युक्त असे देखणे घर उभारले. उंची शय्या, उत्तम अन्नपान, सेवक, कशाचीही वाण नव्हती. त्या अमंगळ घराचे नावही मोठे मंगल ठेवले होते : 'शिव'. आणि सेवेच्या निमित्ताने पुरोचन स्वतः त्यांच्याजवळच राहिला. रात्रंदिवस त्याची नजर पांडवांवर होती.

आजच्या सुखसोयींकडे पाहताना हा प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. मोबाइल हे यंत्र आम्ही त्याज्य मानीत नाही. परगावच्या लेकराचे मुख त्यातच दिसते, विजेचे बिल त्यातूनच भरले जाते. तथापि सोय करून देणारा प्रत्येक जण आपला हितचिंतकच असतो, असे नाही. नुसता उजेड पाडण्यासाठी घेतलेले एखादे ॲप आपल्या आप्तेष्टांच्या क्रमांकांची यादी मागते, आपण कोठे आहोत हेही विचारते, आणि आपण न वाचताच 'हो' म्हणून बोट टेकवितो. चपलांच्या जाहिरातीचे रहस्यही बहुधा येथेच असते. आपण काय शोधले, कोणत्या दुकानापाशी थांबलो, घरातील दुसऱ्या कोणी काय पाहिले, एवढ्या माहितीवरून आपली इच्छा ताडता येते. त्यासाठी भिंतीस कान लावण्याची गरजच उरत नाही. धर्मराजाने त्या घरात पाऊल ठेवताच तुपाचा व लाखेचा वास ओळखला. तो वास घेण्याची सवय आपण गमावू नये, इतकेच सांगणे.

परंतु पांडव वाचले ते केवळ वास ओळखल्याने नव्हे. ते वाचले विदुराच्या शब्दाने. निघताना विदुराने युधिष्ठिरास जे सांगितले, ते इतरांस उमगणार नाही अशा बोलीत सांगितले. अग्नीचे भय, बिळात राहून वाचणारे प्राणी, वाटांची व दिशांची माहिती यांचे संकेत त्यात होते. कुंतीने पुढे विचारले, तेव्हा युधिष्ठिराने तिला त्याचा अर्थ उलगडून सांगितला. नंतर विदुराने खनक धाडला, त्याने गुपचूप भुयार खणले, आणि त्या वाटेने पांडव निसटले. पुरोचनाची पाळत अष्टौप्रहर होती. पण आपल्या माणसाने आपल्या माणसाशी विश्वासाने बोललेला एक शब्द त्या पाळतीहून बलवान ठरला.

बंधुभगिनींनो, आजचे पुरोचन हे मर्म पूर्णपणे जाणून आहेत. 'डिजिटल अटक' या नावाने जी लबाडी चालते, तिची रीत पाहा. फोन येतो, आपल्या नावाच्या पार्सलमध्ये निषिद्ध वस्तू सापडल्याचे, किंवा आपल्या खात्यातून काळा पैसा फिरल्याचे सांगण्यात येते. मग पडद्यावर पोलिसी गणवेशातील मनुष्य दिसतो, मागे शासकीय कचेरीसारखा देखावा असतो. रावणही पंचवटीस भिक्षेकरी संन्याशाच्या वेषातच आला होता, आणि आला तो सीतामाई एकटी असताना. म्हणूनच या भामट्यांची पहिली आज्ञा पैशाची नसते. पहिली आज्ञा असते, "खोलीचे दार लावून घ्या, कॅमेरा बंद करू नका, आणि घरात कोणालाही सांगू नका." विदुराचा शब्द कानी पडू नये, एवढाच यातील हेतू. मनुष्य एकाकी पडला म्हणजे आयुष्यभराची पुंजी तो आपल्याच हाताने देऊन मोकळा होतो.

येथे स्पष्ट सांगितले पाहिजे की, अशा अटकेस आपल्या देशाच्या कायद्यात थारा नाही. कोणतेही पोलीस, कोणतेही न्यायालय व्हिडिओवरून अटक करीत नाही, व सुटकेसाठी खात्यावर पैसे मागत नाही. 27 ऑक्टोबर 2024 रोजी पंतप्रधानांनीही आपल्या आकाशवाणीवरील भाषणात याविषयी देशास सावध केले होते. फसवणूक झालीच, तर 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितक्या लवकर कळवावे, तितकी रक्कम मध्येच अडविली जाण्याची आशा अधिक. बँकेतून आलेला ओटीपी कोणी कितीही गोड बोलून मागो, तो देऊ नये.

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. विदुराचा शब्द ऐकू येण्यास घर तसे असावे लागते. आजोबांनी काही विचारले की नातवाने "तुम्हांला काही कळत नाही" असे झिडकारावे, अशी रीत ज्या घरी पडली, तेथे आजोबा संकटसमयी कोणाजवळ तोंड उघडतील? पैसे गेल्यावरही लोकलज्जेस्तव गप्प राहून आतल्या आत झुरणारी माणसे असतात. त्यांना लुटले भामट्याने, पण मुके केले घरच्यांच्या धाकाने. तसेच रक्षणाच्या नावाखाली सूनबाईच्या हालचालींवर, किंवा धुणेभांडी करणाऱ्या बाईवर घरात यंत्राचा डोळा रोखून ठेवणे, मुलीचा मोबाइल चोरून चाळणे, हेही काही घरांतून घडते. दारावर आणि दानपेटीपाशी कॅमेरा असणे समजण्यासारखे आहे. परंतु जेथे नजरेने बोलण्याची जागा घेतली, तेथे आपणच आपल्या घरचे पुरोचन होतो.

एकांत ही मनुष्याच्या प्रतिष्ठेची गोष्ट आहे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या अर्जावर नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. राज्याने जो हक्क मानावा, तो सासूने सुनेचा आणि बापाने लेकीचा का मानू नये?

"मग कोणी पाहत नसले, तर मनुष्य सरळ वागेल कसा?" असा प्रश्न येथे उद्भवतो. त्याचे उत्तर आमच्या या कन्नड-मराठी मुलखाने कनकदासांच्या आख्यायिकेतून कधीच देऊन ठेवले आहे. गुरूंनी शिष्यांस एकेक केळे दिले आणि कोणी पाहत नाही अशा ठिकाणी जाऊन खाण्यास सांगितले. सर्वांनी कोपरे शोधले. कनकदास मात्र केळे तसेच घेऊन परतले, कारण परमेश्वर पाहत नाही असे स्थळच त्यांस सापडले नाही. त्या परमेश्वराचे पाहणे आणि यंत्राचे पाहणे यांत महदंतर आहे. यंत्र आपले वागणे टिपून घेते व ते कोणाच्या तरी हाती देते. अंतर्यामी आपले मन जाणतो, आणि ते कोणासही विकत नाही. त्या साक्षीचे भान ज्यास आहे, त्याच्यावर पहारा लागत नाही. आणि ज्यास नाही, त्यास पहारा चुकविण्याच्या युक्त्या सुचतातच.

म्हणून आमची विनंती एवढीच. आज रात्री जेवणे आटोपल्यावर घरातील सर्वांनी एकत्र बसावे. भीती घालणारा कोणताही फोन आला, तर तो तोडून प्रथम घरात सांगावयाचे, आणि सांगणाऱ्यास कोणीही रागवावयाचे नाही, असा नियम वडीलधाऱ्यांपासून लेकरांपर्यंत सर्वांनी देवापुढे दिवा लावून करावा. ज्यांच्या घरी वृद्ध मंडळी एकटीच राहतात, त्यांच्या दारी शेजाऱ्यांनी दिवसातून एकदा डोकावून जावे. विदुर होण्यास राजवाड्यात जन्म घ्यावा लागत नाही.

श्रीकृपेने आपणां सर्वांची घरे नावाप्रमाणेच खरोखर शिव होवोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.

शुभं भवतु.